म्युनिकहून साल्झबर्ग: दोघांसाठी रेल्वेने एक निवांत शनिवार-रविवार

म्युनिकमध्ये नव्याने राहायला आलेलं मराठी जोडपं पहिल्या काही महिन्यांत साल्झबर्गला जाऊन येतंच. सीमेपलीकडचं ऑस्ट्रियातलं शहर, अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर, थेट गाडी. त्यामुळे बहुतेक जण सकाळी जातात आणि रात्री घरी परततात. मिराबेलची बाग, मोझार्टचं घर, किल्ला, फोटो, की लगेच स्टेशनकडे धाव. शहर बघून होतं, पण दोघांना निवांत बसून बोलायला वेळच उरत नाही. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, तिथे एक रात्र राहा. दिवसभराची गर्दी संध्याकाळी सहा-सातनंतर ओसरते, सहलीच्या बसगाड्या निघून जातात, आणि मग हे शहर मुक्कामाला थांबलेल्यांचं होतं. पुढे जे लिहिलं आहे ते युरोपात पहिल्यांदाच असा रेल्वेचा प्रवास करणाऱ्यांसाठी आहे, त्यामुळे बारीकसारीक गोष्टीही मुद्दाम घेतल्या आहेत.

१. आधी महिना ठरवा

मे, जून, सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा हे दिवस सगळ्यात चांगले. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत साल्झबर्गचा प्रसिद्ध संगीत-नाट्य महोत्सव असतो. तो १९२०पासून चालू आहे आणि त्या काळात जगभरातून रसिक येतात. महोत्सवाची तिकिटं हातात असतील तर जरूर जा, नसतील तर तो काळ टाळा. हॉटेलांचे दर खूप चढलेले असतात आणि कॅफेत जागा मिळत नाही. डिसेंबरमध्ये कॅथेड्रलसमोरच्या चौकात नाताळचा बाजार भरतो. तो सुंदर असतो, पण निवांतपणा हवा असेल तर शनिवारी तिथे जाऊ नका.

पाऊस मात्र कुठल्याही महिन्यात येतो. डोंगरांना अडलेले ढग इथे तासन् तास बारीक धार धरतात. आपल्यासारखा कोसळत नाही, पण भिजवतो. दोघांत एक छत्री पुरेल असं समजू नका.

२. तिकीट

नवख्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, त्यामुळे हे नीट वाचा.

म्युनिक ते साल्झबर्ग मार्गावर दोन प्रकारच्या गाड्या धावतात. पहिली प्रादेशिक गाडी, बी-आर-बी कंपनीची. ती साधारण तासाला एक असते आणि पावणेदोन ते दोन तास घेते. दुसरी वेगवान गाडी, म्हणजे रेलजेट किंवा युरोसिटी. ती दीड तासात पोचवते. वेळेतला फरक किरकोळ आहे, तिकिटाच्या नियमांतला फरक मात्र मोठा.

प्रादेशिक गाडीत डॉइचलांड तिकीट चालतं, आणि ते थेट साल्झबर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत. जर्मनीत नोकरी करणाऱ्या अनेकांकडे हे मासिक तिकीट असतंच. मे २०२३मध्ये ते ४९ युरोंना सुरू झालं, जानेवारी २०२६पासून ६३ युरो आहे. तुमच्या दोघांकडे असेल तर येण्याजाण्याचा वेगळा खर्च शून्य. एकाकडेच असेल तर दुसऱ्यासाठी बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्याचं एका दिवसाचं तिकीट, घ्या. दोघांकडेही नसेल तर दोघांचं मिळून एकच बायर्न तिकीट काढा. त्यावर जास्तीत जास्त पाच जण जाऊ शकतात आणि तेही साल्झबर्ग मुख्य स्टेशनपर्यंत चालतं. शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत वैध असतं, सोमवार ते शुक्रवार मात्र सकाळी नऊनंतरच. ते एका दिवसाचं तिकीट आहे हे विसरू नका. जाताना एक आणि येताना एक, अशी दोन लागतील. तिकिटावर प्रवाशांची नावं लिहावी लागतात. ती गाडीत चढण्यापूर्वीच लिहा.

ही दोन्ही तिकिटं रेलजेट किंवा युरोसिटीत चालत नाहीत. एकाच फलाटावर दहा मिनिटांच्या अंतराने दोन्ही गाड्या येतात, माणूस समोर दिसेल त्या गाडीत चढतो आणि तपासनीस आला की दंड भरतो. पाटीवर गाडीच्या क्रमांकाआधी आर-ई किंवा आर-बी लिहिलं असेल तर ती तुमची. आर-जे, आर-जे-एक्स, ई-सी किंवा आय-सी-ई लिहिलं असेल तर त्या गाडीचं वेगळं तिकीट लागतं.

वेगवान गाडीनेच जायचं असेल तर काही आठवडे आधी स्वस्त तिकिटं मिळतात. ती त्याच तारखेच्या, त्याच गाडीला बांधलेली असतात, चुकली की गेली. निवांत सहलीला हे बंधन कशाला, असं मला वाटतं. प्रादेशिक गाडीत ही चुकली तर पुढची, एवढाच प्रश्न असतो.

आणखी एक. या मार्गावर रुळांची कामं वरचेवर निघतात. जायच्या आठवड्यात, आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा एकदा, जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर अ‍ॅपमध्ये गाडी तपासा. एस-ई-व्ही असं दिसलं तर त्या टप्प्यावर गाडीऐवजी बस आहे. तसं असेल तर सरळ पुढच्या आठवड्यात जा.

३. राहायचं कुठे

साल्झाख नदी शहराच्या मधून वाहते. डाव्या तीरावर जुनं शहर आणि किल्ला, उजव्या तीरावर स्टेशन, मिराबेलची बाग आणि लिंत्सरगासे नावाची गल्ली. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी उजव्या तीरावर, मिराबेल आणि लिंत्सरगासे यांच्या दरम्यान राहावं. स्टेशनपासून पंधरा-वीस मिनिटं चालत आणि पूल ओलांडला की जुनं शहर. नदीपलीकडच्या खोल्या देखण्या असतात, पण महाग, आणि दगडी फरसबंदीवरून चाकांची बॅग ओढत न्यावी लागते.

खोली घेताना दोन गोष्टी विचारा. एक, नाश्ता मिळतो का? रविवारी सकाळी बाहेर फारसं काही उघडं नसतं, त्यामुळे नाश्त्यासह खोली घेतलेली बरी. दुसरी, स्वागतकक्ष किती वाजता बंद होतो? लहान पेन्शनांमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, संध्याकाळनंतर कोणी नसतं. मग ते किल्लीच्या पेटीचा क्रमांक ईमेलने पाठवतात.

मे २०२५पासून साल्झबर्ग प्रांतात मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांना सार्वजनिक वाहतुकीचा पास मिळतो. मुक्कामाच्या करातच त्याचे पैसे घेतलेले असतात. त्यामुळे खोली नोंदवल्यावर 'गेस्ट मोबिलिटी तिकीट' मागून घ्या, नाहीतर तुम्ही बसची तिकिटं उगाच काढत बसाल.

४. बॅगेत काय

पासपोर्ट आणि जर्मनीचं रहिवासी कार्ड, दोघांचंही, आणि मूळ कागद. मोबाइलमधला फोटो चालणार नाही. ऑस्ट्रिया शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे जर्मनीच्या रहिवासी परवान्यावर वेगळा व्हिसा लागत नाही. पण जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर २०१५पासून तपासणी सुरू केली आहे आणि परतताना सीमेलगतच्या फ्राइलासिंग स्टेशनात पोलीस डब्यात चढतात. आपले चेहरे बघून ते कागद मागणारच असं धरून चाला. शांतपणे दाखवा, मिनिटभरात होऊन जातं. भारतातून आईबाबा आले असतील आणि तेही सोबत असतील तर त्यांचे पासपोर्टही घ्या. शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी ही सहल चालते, कारण तुम्ही शेंगेनच्या बाहेर जात नाही.

जर्मन सरकारी आरोग्यविम्याचं कार्ड पाकिटात ठेवा. त्याच्या मागच्या बाजूला युरोपीय कार्ड छापलेलं असतं, ते ऑस्ट्रियात चालतं. थोडी रोख रक्कम ठेवा, बर्‍याच जुन्या खानावळी अजूनही रोखीचाच आग्रह धरतात. पाण्याची रिकामी बाटली घ्या. साल्झबर्गच्या नळाला डोंगराचं पाणी येतं आणि ते उत्तम असतं.

आणि डबा. प्रादेशिक गाडीत खानपानाचा डबा नसतो आणि घरचं खायला कोणाची हरकत नसते. मेथीचे पराठे, शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा. सकाळी आठ-साडेआठच्या गाडीला याहून चांगला नाश्ता नाही.

५. गाडीत बसताना

घर पूर्व भागात असेल तर मुख्य स्टेशनापर्यंत जाऊ नका. गाडी ओस्टबानहोफलाही थांबते आणि एस-बानने तिथे पोचणं सोपं आहे. पण उन्हाळ्यातल्या शनिवारी डोंगर चढणारे आणि सायकलवाले भरपूर असतात. बसायला जागा हवी असेल तर मुख्य स्टेशनातून, वीस मिनिटं आधी पोचून चढा. काही गाड्या मधल्या स्टेशनात दोन भागांत विभागल्या जातात आणि दोन्ही भाग वेगळ्या गावांना जातात. त्यामुळे डब्याच्या दारावरच्या पाटीत साल्झबर्ग लिहिलं आहे ना, हे बघूनच आत जा.

जाताना उजव्या खिडकीत आल्प्स असतात. डाव्या बाजूला, प्रीन गावानंतर, कीमझे हे मोठं सरोवर थोडा वेळ दिसतं. रोझेनहाइम गेलं की मोबाइल बाजूला ठेवा.

६. शनिवार: दोनच गोष्टी

अकराच्या सुमाराला पोचाल. खोली तयार नसते, पण बॅग ठेवून घेतात. तिथून चालत मिराबेलच्या बागेत जा. आर्चबिशप वोल्फ डीट्रिखने १६०६मध्ये हा राजवाडा साल्झबर्गच्या एका श्रीमंत व्यापारी घरातल्या सालोमे आल्टसाठी बांधला. तो धर्मगुरू, म्हणजे लग्न शक्य नाही, पण ती त्याच्या मुलांची आई होती. त्यांच्या नात्याला चर्चने मान्यता दिली नाही, आणि तरी राजवाडा तिच्यासाठीच उभा राहिला. बागेला तिकीट नाही. उत्तरेच्या पायऱ्यांवर उभं राहिलात की फुलांच्या ताटव्यांवरून थेट किल्ला दिसतो. बसा तिथे, घाई काहीच नाही.

मग पूल ओलांडून जुन्या शहरात जा. गेट्रायडेगासे ही मुख्य गल्ली दुपारी माणसांनी गच्च भरलेली असते. शनिवारी ती फक्त पार करा, बघायची ती रविवारी सकाळी. नऊ क्रमांकाचं पिवळं घर मोझार्टचं जन्मस्थान. २७ जानेवारी १७५६ला तिसऱ्या मजल्यावर त्याचा जन्म झाला. संगीताची आवड असेल तर आत जा, त्याचं लहानपणीचं व्हायोलिन तिथे आहे. नुसतं नाव ऐकलं आहे एवढ्यासाठी रांगेत उभं राहू नका.

त्याऐवजी कॉफीला बसा. ऑस्ट्रियन कॅफेत एका कपावर दोन तास बसलं तरी कोणी उठवत नाही आणि कॉफीसोबत पाण्याचा ग्लास येतोच. दुधाची कॉफी हवी तर मेलांज मागा, थोडी सौम्य हवी तर फरलेंगर्टर. आल्टर मार्क्ट चौकातल्या टोमासेली कॅफेत केकचं ताट घेऊन बाई टेबलापाशी येतात आणि बोट दाखवलं तो तुकडा देतात. नदीकाठच्या बाझार कॅफेची गच्ची मला अधिक आवडते. समोर पाणी, पलीकडे घुमट.

चारच्या पुढे किल्ल्याकडे निघा. होहेनसाल्झबर्गचं बांधकाम १०७७मध्ये सुरू झालं आणि नंतरच्या आर्चबिशपांनी तो वाढवत नेला. वर जायला १८९२ची फुनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी, रेल्वे आहे. पण सह्याद्रीत गड चढलेल्या माणसाला पायवाटच आवडेल, पंधरा-वीस मिनिटांची खडी चढण आहे. वर गेल्यावर दिसतं की शहर इथेच का वसलं. खाली नदी, आणि दक्षिणेला हालाइनच्या मिठाच्या खाणींचे डोंगर. ते मीठ नदीतून होड्यांनी जायचं. हे सगळे घुमट, ही चर्च त्या मिठाच्या पैशांतून उभी राहिली. साल्झबर्ग १८०३पर्यंत आर्चबिशपांचं स्वतंत्र राज्य होतं आणि ते कायमचं ऑस्ट्रियात आलं १८१६मध्ये, मोझार्टच्या मृत्यूनंतर पाव शतकाने. हिवाळ्यात किल्ला लवकर बंद होतो, तेव्हा दोनलाच चढा.

साल्झबर्ग कार्ड, म्हणजे अनेक ठिकाणांच्या प्रवेशाचं एकत्र तिकीट, घ्यावं का, असं सगळे विचारतात. किल्ला, मोझार्टचं घर आणि रविवारी हेलब्रुनची कारंजी, असे तिन्ही करणार असाल तर २४ तासांचं घ्या आणि शनिवारी दुपारी बारानंतर वापरायला सुरुवात करा, म्हणजे ते रविवारच्या दुपारपर्यंत चालतं. एखाददुसरंच ठिकाण बघणार असाल तर नको. कार्ड घेतलं की पैसे वसूल करायची घाई सुरू होते, आणि घाई टाळायलाच तर आलो आहोत.

७. जेवण

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण नावं माहीत हवीत. कासनोकन हा इथला खास पदार्थ. पिठाचे छोटे गोळे, भरपूर वितळलेलं चीज, वर कुरकुरीत कांदा, आणि सगळं लोखंडी तव्यातच समोर येतं. दोघांत एक आणि सोबत सॅलड पुरेसं होतं. मागवताना 'ओने श्पेक' म्हणा, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत. सुपाच्या बाबतीत सावध राहा. चीजचा गोळा घातलेलं कासप्रेसक्न्योडल सूप शाकाहारी वाटतं, पण ते बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेलं असतं. विचारूनच घ्या.

मांसाहारी असाल तर बोस्ना खा. गेट्रायडेगासेच्या एका बोळातल्या छोट्या खिडकीवर मिळतो. पावात सॉसेज, कांदा, आणि वर भुरभुरलेली करी पावडर. दुसऱ्या महायुद्धानंतर एका बल्गेरियन माणसाने तो इथे सुरू केला.

रात्रीच्या जेवणाला म्युल्न भागातल्या ऑगस्टिनर मठाच्या ब्रुअरीत जा. १६२१पासून तिथे बिअर होते. दुपारनंतर उघडतं. फळीवरून दगडी मग स्वतः उचलायचा, कारंज्याखाली विसळायचा, पैसे भरायचे आणि पिंपातून भरून घ्यायचा. चेस्टनटच्या झाडांखाली लांब बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसायचं. घरून आणलेलं खाणं इथे चालतं, चिवड्याची पुडी बरोबर ठेवा. बिअर न पिणाऱ्यांसाठी लिंबू सरबतही असतं.

गोडाला साल्झबुर्गर नोकर्ल. अंड्याच्या पांढऱ्या भागाचे फेसाळ डोंगर, ओव्हनमधून थेट टेबलावर. एकाची थाळी दोघांनाही जास्त होते, आणि करायला वेळ लागतो म्हणून जेवणासोबतच सांगून ठेवा.

बिल आणताना 'एकत्र की वेगळं' असं विचारतील. 'त्सुझामेन' म्हणजे एकत्र. पाच ते दहा टक्के टिप द्यायची, ती टेबलावर ठेवून न जाता पैसे देतानाच रक्कम वाढवून सांगायची.

जेवणानंतर नदीच्या काठाने चाला. किल्ल्यावर दिवे लागलेले असतात, पुलांवर मोजकी माणसं. मुक्काम करायचा तो यासाठी.

८. रविवार

एकदाच लवकर उठा. सातला रेसिडेन्झप्लात्झ चौकात उभे असाल तर ३५ घंटांचं वाद्य वाजताना ऐकू येईल. ते सकाळी सात, अकरा आणि संध्याकाळी सहाला वाजतं. मग रिकामी गेट्रायडेगासे, दुकानांवरच्या लोखंडी नक्षीच्या पाट्या मान वर करून निवांत बघता येतात. तिथून सेंट पीटरच्या दफनभूमीत जा. कड्याला टेकलेली, प्रत्येक कबरीवर जिवंत फुलं असलेली ती जागा मला या शहरात सगळ्यात प्रिय आहे. तिथे हळू आवाजात बोला, लोक आपल्या माणसांना भेटायला आलेले असतात.

नाश्त्यानंतर दोन पर्यायांतला एक निवडा. पहिला, कॅथेड्रलमधली दहाची प्रार्थना. वाद्यवृंद आणि गायकवृंद असतो, मोफत असते आणि कोणीही बसू शकतं, फक्त मध्येच उठून फोटो काढायचे नाहीत. दुसरा, २५ क्रमांकाच्या बसने हेलब्रुन. आर्चबिशप मार्कुस झिटिकुसने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पाहुण्यांची गंमत करायला तिथे लपलेली कारंजी बसवली. दगडी टेबलाभोवतीच्या आसनांतून पाणी उडतं, यजमानाचं आसन तेवढं कोरडं. कारंजी एप्रिल ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच चालतात.

खरेदी शनिवारीच आटपा, रविवारी दुकानं बंद. मोझार्टकुगल चॉकलेट घ्यायचं तर फ्युर्स्टच्या दुकानातून, चंदेरी-निळ्या कागदातलं. पाउल फ्युर्स्टने ते १८९०मध्ये तयार केलं आणि आजही ते हाताने होतं. लाल-सोनेरी कागदातलं कारखान्यातलं आहे, ते तुम्हाला म्युनिकमध्येही मिळेल.

९. परतीची गाडी

रविवारी पाच ते सातच्या गाड्या खचाखच भरतात. तीनच्या आसपासची पकडा, किंवा शेवटचा कप कॉफी पिऊन आठनंतरची. साल्झबर्ग स्टेशनात फलाट अ‍ॅपमध्ये बघून मग वर चढा, ऐनवेळी बदलतात. फ्राइलासिंगला गाडी पोलीस तपासणीसाठी थोडी जास्त थांबू शकते. पुढे बस किंवा दुसरी गाडी गाठायची असेल तर मध्ये अर्धा तास ठेवा.

वेगवान गाडीचं तिकीट असेल आणि ती तासाहून जास्त उशिरा पोचली तर तिकिटाच्या पंचवीस टक्के रक्कम परत मिळते, दोन तासांहून जास्त झाला तर पन्नास. डीबी अ‍ॅपमधूनच अर्ज करता येतो. आणि डॉइचलांड तिकीट फक्त या सहलीसाठी घेतलं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप कापले जातात.